दोन्ही हातांनी

समन्स घेऊन आलेल्या हवालदाराला पार्वतम्मांनी आधी पाणी दिलं, मग चहा दिला, आणि मगच विचारलं, "पुन्हा कशाला? म्या सांगितलं की सगळं मागच्या साली."

"आरोपीनं वकील बदललाय, आज्जी," हवालदार बशीत चहा ओतत म्हणाला. "पहिल्या वकिलानं तुमाला नीट विचारलंच न्हाय, म्हणून नव्यानं अर्ज टाकला. सरकारी वकीलबाईंनी हरकत घेतली, पण साहेबांनी मंजूर केला. फेर उलटतपास. दोन-चार प्रश्न असतील, जास्त न्हाय. इथं सही करा."

सही करताना पार्वतम्मांचा हात कापला. हवालदाराला वाटलं, वय झालं. सदुसष्टाव्या वर्षी हात कापायचाच. त्याने तारीख दोनदा मोठ्याने वाचून दाखवली, बशी खाली ठेवली आणि जळकोटच्या हायवेवर लावलेल्या मोटारसायकलीकडे निघून गेला.

वयाचा काही संबंध नव्हता. मागच्या साक्षीत पार्वतम्मा एक शब्द खोटा बोलल्या होत्या, आणि तो खोटा आहे हे जगात त्यांच्या एकट्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

ते सांगायचं तर शेजारच्या घरापासून सुरुवात करायला हवी. पार्वतम्मांचं आणि विरेशचं घर एका भिंतीला भिंत लागून. विरेशचं हायवेवर खताबियाण्यांचं दुकान, बोलणं गोड, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ठसठशीत, आणि हात बायकोवर चालणारा. बायको शिवलीला, ढोकीची लेक. लग्न होऊन आली तेव्हा एकवीस वर्षांची. पहिल्याच आठवड्यात दारात येऊन म्हणाली, "अव्वा, तुमच्याकडं कढीपत्ता हाय का वो?" आईला म्हणतात तसं ती अव्वा म्हणाली आणि पार्वतम्मा तिच्या अव्वा होऊन बसल्या. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रुद्रेश पुण्याला नोकरीत. घरात बोलायला माणूस म्हणजे भिंतीपलीकडची ती पोरगी.

चार वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती पोरगी स्वतःच्याच अंगणातल्या पाण्याच्या हौदात मेली. अंगावर जुने-नवे वळ होते. ते कशाचे हे नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं. विरेश म्हणाला, मी शेतात होतो, परत आलो तर ही हौदात पडलेली दिसली, ओढून काढायला हात घातले. शेतात त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पण तसं पोलिसांना सांगायलाही कुणी पुढे आलं नाही. सगळ्यांना दरसाल खत उधारीवर हवं असतं. गावाने मूग गिळले आणि उरल्या एकट्या पार्वतम्मा.

त्यांनी पोलिसांना सांगितलं, आणि पुढे धाराशिवच्या कोर्टात शपथेवर सांगितलं: "म्या पूजेला बसले व्हते. ‘अव्वा, या वो’ अशी शिवलीलाची हाक आली. म्या लगेच उठले. दोन्ही हातांनी शिडी धरून माळवदावर चढले. खाली बघितलं तर विरेश हौदापाशी गुडघे टेकून. त्याचं हात खांद्यापतोर भिजल्यालं."

सगळा खटला त्या ‘लगेच’वर उभा होता. हाक आली आणि लगेच विरेश तिथे दिसला, म्हणजे हाक आली तेव्हाही तो तिथेच होता. मग त्याचं शेतही खोटं आणि वाचवणंही खोटं. सरकारी वकीलबाईंनी तो शब्द दोनदा वदवून घेतला होता. आणि नेमका तेवढाच शब्द खरा नव्हता. पार्वतम्मा लगेच उठल्या नव्हत्या. त्या पूजा पुरी करून उठल्या होत्या.

लिंगायताच्या घरात ही पूजा कशी असते ते माहीत नसेल त्याला हे कळायचं नाही. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं. त्याला पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलपान वाहायचं, आणि त्यावर नजर लावून जप करायचा. जप संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. ते लिंग म्हणजे आपला जीवच. ते एक तर हातावर, नाहीतर गळ्यात. जमिनीवर ठेवायचं तर नाव नाही. सासूने पार्वतम्मांना हा नियम दिला त्याला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि तो त्यांनी एक दिवस मोडला नव्हता. तापात नाही, बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा नाही. सगळ्या गल्लीला याचं कौतुक होतं, आणि खरं बोलायचं तर सगळ्यात जास्त त्यांना स्वतःलाच होतं.

त्या सकाळी जप नुकता सुरू झाला होता तेव्हा हाक आली. भिंतीपलीकडून हाक येणं नवं नव्हतं. आठवड्यातून दोनदा तरी यायचीच. पार्वतम्मा जायच्या, विरेशला चार शब्द सुनवायच्या, पोरीला हाताला धरून घरी आणायच्या, चहा पाजायच्या. त्यांनी मनात म्हटलं, एवढा जप होऊ दे, जातेच. हाक पुन्हा आली. एवढं होऊ दे. मग पलीकडे शांत झालं, आणि त्यांना बरं वाटलं. चला, आज लवकर मिटलं. हे बरं वाटणं त्यांना नंतर चार वर्षं चावत होतं.

खोटं बोलायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. दुपारी ओट्यावर पंचनाम्याचे कागद पसरून जमादार बसला होता, आणि ढोकीहून आलेली शिवलीलाची आई, नागूबाई, मातीत लोळण घेत होती. जमादाराने मान वर न करताच विचारलं, "हाक ऐकली आन् लगेच गेलात न्हवं?" नागूबाई रडायची थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. पार्वतम्मांनी मान हलवली. मान हलवली एवढंच. नागूबाईने येऊन त्यांच्या गळ्यात मिठी मारली. "तुमी तरी धावलात, अक्का. माझ्या लेकरासाठी तुमी तरी धावलात." त्यानंतर ते मागे घ्यायला तोंड कुठून आणायचं?

तेव्हापासून नागूबाई दर तारखेला ढोकीहून यायची ती एक स्टीलचा डबा घेऊन. डब्यात शेंगापोळ्या. पार्वतम्मांची साक्ष असो नसो, त्या कोर्टात असोत नसोत, डबा कुणाच्या ना कुणाच्या हाती जळकोटला पोचायचा. आणि निरोप ठरलेला, "रिकामा डबा पुढच्या तारखेला आणा म्हणावं." पार्वतम्मांना ती पोळी खाववत नसे. टाकून द्यायचीही छाती होत नसे. एकेक करून त्या खायच्या.

मागच्या वर्षी साक्ष झाली तेव्हा आरोपीचा पहिला वकील म्हणजे नुसताच आवाज होता. त्याने मोतीबिंदूवरून तासभर उलटं-सुलटं विचारलं. पार्वतम्मांनी त्याला भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते सांगितलं, वर कॅलेंडरवरची तिथीही सांगितली. सगळं कोर्ट हसलं. नागूबाईने बाहेर आल्याबरोबर वाकून त्यांचे पाय धरले. विरेशही आला, जामिनावर सुटलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. "अव्वा, पाण्याची बाटली देऊ का?" म्हणाला. तो रोज असाच बोलायचा. सकाळी दुकानाला निघताना दारावरून जाताना, "काय अव्वा, बरं हाय न्हवं?" पार्वतम्मा तोंड फिरवायच्या. पण भिंतीपलीकडचं त्याचं खोकणं काही तोंड फिरवून थांबत नव्हतं.

नव्या वकिलाचं नाव उमाशंकर. तो मोतीबिंदूच्या भानगडीत पडणारा नव्हता. त्याच्या हाती काय लागलंय ते पार्वतम्मांना तारखेच्या दिवशी सकाळी कळलं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सरकारी वकीलबाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि मोबाईल समोर धरला.

"हे तुम्हीच ना, आजी?"

त्याच होत्या. मागच्या श्रावणात नात अक्षदा पुण्याहून आली होती. तिने मठात आजीला पूजा करताना टिपलं, आणि मग विचारलं, आज्जी, तुझा नियम सांग ना सगळ्यांना. आणि आज्जी सांगत होती, काठापदराची साडी, कपाळभर भस्म, डोळ्यांत नुसता तोरा: "बेचाळीस वर्सं झाली, बाळा. घराला आग लागू दे, न्हायतर दारात कुणी मरू दे. एकदा लिंग हातावर घेतलं की पूजा झाल्याबिगर पार्वतम्मा उठत न्हाय." बारा हजार लोकांनी ते पाहिलं होतं. खाली हात जोडल्याची चित्रं टाकली होती. अक्षदाने समन्सची बातमी ऐकली तशी ते काढून टाकलं, आणि फोनवर रडलीही. पण उमाशंकर वकिलाने ते आधीच उतरवून घेतलं होतं.

"दारात कुणी मरू दे," पार्वतम्मा हळूच म्हणाल्या. असं आपण बोललो होतो हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"बोलण्याच्या भरात माणूस बोलतो," वकीलबाई म्हणाल्या. "एवढ्याने आपलं काही जात नाही. मागच्या साक्षीत काय आहे ते आठवा आणि तेवढंच सांगा."

"बाई, मला एक सांगायचंय."

वकीलबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षं साक्षीदारांचे चेहरे पाहिलेली बाई होती ती. फाईल छातीशी धरून म्हणाली, "मला काही सांगू नका, आजी. जे सांगायचं ते आत. आणि आत जाण्याआधी एवढं ध्यानात ठेवा, या केसमध्ये तुमच्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही."

पार्वतम्मांनी ठरवून टाकलं. खरं तर पंधरा दिवस त्या हेच ठरवत होत्या. आज येतानाही गाडीत नळदुर्गपर्यंत ठरवलेलं तुळजापूरपर्यंत मोडलं होतं, एवढंच. आता पक्कं केलं. पूजा अर्धी सोडून उठले, असं सांगायचं. नियम मोडला म्हणायचं. व्हिडिओत फुशारकी मारली म्हणायचं. गल्ली तोंडात शेण घालील, घालू दे. बेचाळीस वर्षांचं नाव मातीत गेलं तर जाऊ दे. त्या पोरीसाठी आपण कधी काही दिलं नाही. तेवढं तरी द्यावं. शपथेवर खोटं बोलल्याचं पाप लागायचं असेल तर लागो, आधीच्या पापापुढे ते काय मोठं? या विचाराने त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

नागूबाई पायरीवर बसली होती. तिने डबा पुढे केला. "आज वाईच जास्त गूळ पडलाय, अक्का. गोड मानून घ्या." पार्वतम्मांनी डबा पिशवीत ठेवला. नागूबाईचा हात घटकाभर त्यांच्या हातावर राहिला.

पुकारा झाला तेव्हा बारा वाजून गेले होते. पार्वतम्मा कठड्यात उभ्या राहिल्या. शपथ झाली. उमाशंकर वकील उठला. चाळिशीचा, सडपातळ, कपाळावर भस्माची पुसट रेघ, काळ्या कोटाच्या आत गळ्यात लिंगाच्या डबीचा दोरा. आपलाच माणूस. तो चढ्या आवाजात बोलला नाही. नमस्कार केला.

"अव्वा, बसून उत्तरं दिली तरी चालेल. साहेबांची हरकत नसेल तर."

त्याच्या तोंडून अव्वा ऐकून पार्वतम्मांनी कठडा धरला. "उभीच बरी हाय म्या," त्या म्हणाल्या.

"त्या सकाळी तुम्ही पूजेला बसला होतात?"

"व्हय."

"हाक आली तेव्हा पूजा झाली होती?"

"न्हाय. अर्धी झाली व्हती. अर्धी सोडून उठले."

त्याने व्हिडिओची गोष्ट काढली. वकीलबाईंनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी नोंदवून घेतली, प्रश्न विचारू दिला. "बेचाळीस वर्षांत एकदाही उठले नाही, असं तुम्ही म्हणालात. खरं की खोटं?"

"खोटं. फुशारकी मारली."

"म्हणजे त्या दिवशी नियम मोडला?"

"मोडला." हे म्हणताना त्यांचा आवाज उलट मोठा झाला. मागच्या बाकावर जळकोटची दोन माणसं होती, विरेशच्या बाजूची. ती एकमेकांकडे बघून हसली. हसा, पार्वतम्मांनी मनात म्हटलं. न्यायाधीशांनी उत्तर सांगितलं, टायपिस्टने टाईप केलं. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. नागूबाई दाराशी उभी होती, तोंडावर पदर धरून. सगळं ठरवल्यासारखं चाललं होतं.

उमाशंकर वकिलानेही मान हलवली, जणू त्याचंही समाधान झालं. मग मागच्या साक्षीचा कागद हातात घेतला.

"हाक आली तेव्हा लिंग हातावर होतं?"

"व्हय."

"डाव्या तळहातावर?"

"डाव्याच."

"आणि मागच्या साक्षीत तुम्ही म्हणाला आहात, ‘दोन्ही हातांनी शिडी धरून माळवदावर चढले.’ ते बरोबर आहे?"

"बरोबर हाय. शिडी हालती आमची. एका हातानं चढता येत न्हाय."

"मग, अव्वा," तो अगदी घरातल्यासारखं म्हणाला, "लिंग कुठं ठेवलं?"

पंधरा दिवसांत त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं घोकली होती. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. कसा सुचेल? त्यांच्या हाताने कधी ते कुठे ठेवलंच नव्हतं. दुसऱ्या कुठल्या वकिलाला तो सुचलाही नसता. पण हा लहानपणापासून आईच्या मांडीशी बसून हेच बघत मोठा झालेला.

पदराला बांधलं, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. बाहेर आल्यावर वकीलबाई कपाळाला हात लावून तेच म्हणाल्या, आजी, पदराला बांधलं म्हणायचं होतं हो. पाटावर ठेवलं, पाण्याच्या वाटीत ठेवलं, काहीही चाललं असतं. पार्वतम्मांनी तोंडही उघडलं. पण उत्तर शोधायला म्हणून त्या सकाळकडे पाहिलं, आणि त्यांना स्वतःचेच हात दिसले. जप संपलेला. लिंग पुसून घेणारे, पांढऱ्या फडक्यात गुंडाळणारे, डबीत ठेवणारे. झाकण लावलं. डबीचा दोरा जरा विरला होता, म्हणून एकाऐवजी दोन गाठी मारल्या. सावकाश. तुटून पडायला नको म्हणून. पलीकडे पोरगी पाण्यात होती आणि आपण दोऱ्याला दुसरी गाठ मारत होतो.

"अव्वा?"

"डबीत ठेवलं," पार्वतम्मा म्हणाल्या.

"फडक्यात गुंडाळून?"

"गुंडाळून."

"डबी?"

"गळ्यात बांधली. दोन गाठी मारल्या."

"मग शिडी चढलात."

"मग चढले."

उमाशंकर वकिलाने हातातला कागद टेबलावर ठेवला. त्यालाही पुढचा प्रश्न विचारायला बरं वाटत नसावं, पण विचारला. त्याचं ते कामच होतं. "पूजा अर्धी असताना लिंग डबीत जात नाही, अव्वा. तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. पूजा पुरी झाली होती ना?"

त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. "झाली व्हती," म्हणाल्या.

"हाक ऐकल्यापासून किती वेळ गेला?"

"पंधरा-वीस मिनटं. घड्याळ बघितलं न्हाय."

"तेवढ्या वेळात विरेश शेतातून परत आला असेल तर तुम्हाला कळलं असतं?"

"न्हाय."

"एवढंच, साहेब."

वकीलबाई फेरतपासाला उठल्या. बुडणाऱ्याने काडी धरावी तसं त्यांनी विचारलं, हाक आली तेव्हा विरेशचा आवाज ऐकू आला का? पार्वतम्मांनी आठवून पाहिलं. किती मनापासून आठवून पाहिलं! पण जप करणारा माणूस जपच ऐकतो. "न्हाय," त्या म्हणाल्या. न्यायाधीशांनी साक्ष वाचून दाखवली. पूजा पूर्ण करून, लिंग डबीत ठेवून, डबी गळ्यात बांधून, त्यानंतर मी शिडी चढले. बरोबर? बरोबर. सही करा. या वेळी हात कापला नाही.

बाहेर विरेश वकिलाशी हळू आवाजात बोलत होता. पार्वतम्मा समोरून गेल्या तसा तो बाजूला झाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. मनापासून पडला, हे सगळ्यात वाईट. उद्या सकाळीही तो दारावरून जाणार, काय अव्वा म्हणणार. आणि आता त्याच्याकडे तोंड फिरवण्याचा हक्कही त्यांना उरला नव्हता.

बसस्टँडवर त्या बाकावर येऊन बसल्या. नळदुर्गकडची गाडी नुकतीच गेली होती. थोड्या वेळाने नागूबाई आली. ती दुसरीकडे बसेल असं त्यांना वाटलं, पण ती त्याच बाकावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. शिव्या दिल्या असत्या, केस ओढले असते, तर पार्वतम्मांना सोसलं असतं. नागूबाई नुसती समोरच्या फलाटाकडे बघत राहिली. एक गाडी लागली, भरली, निघून गेली.

"अक्का, एक विचारू?"

"विचारा."

"कागदात एकच हाक लिवलीय." नागूबाईचा आवाज बसला होता. "किती मारल्या तिनं?"

इथे शपथ नव्हती, टायपिस्ट नव्हता. एकच, म्हटलं असतं तर त्या माउलीला रात्रीची झोप तरी लागली असती. पण आता खोटं बोलायची ताकद पार्वतम्मांत राहिली नव्हती. "तीन," त्या म्हणाल्या.

"तिन्ही तुमाला?"

"दोन मला." पार्वतम्मांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. "अव्वा, या वो. अव्वा, या वो. म्या आले न्हाय, तवा तिसरी तुमाला मारली."

नागूबाईने मान वळवली.

"आई गं, अशी न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. "आई, ये, म्हणाली. सरळ. हाक मारतात तशी."

नागूबाईचे ओठ हलले, ती तेच दोन शब्द मनाशी म्हणून बघत असावी. ढोकीची गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला, माणसं दाराशी रेटारेटी करू लागली. नागूबाई उठली, चप्पल पायात सरकवली, पिशवी खांद्याला लावली.

पार्वतम्मांना सकाळचा डबा आठवला. त्यांनी तो पिशवीतून काढून पुढे केला. झाकणही उघडलेलं नव्हतं.

नागूबाईने डब्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "रिकामा करून देयाला आता तुमाला तारीख कुठली?"

ती गाडीत चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली. गाडी मागे आली, वळली, धूर सोडत फाटकाबाहेर गेली. पार्वतम्मा तो भरलेला डबा दोन्ही हातांनी धरून फलाटावर उभ्या होत्या.